जस्ताची जागा

(ठाण्यातील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निमंत्रणपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचे नाव 'सूक्ष्म खनिजे आणि पुरुषांचे आरोग्य' असे छापले आहे. पत्रिका सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लागते, घरोघरी जाते. तेव्हा शीर्षक सोज्वळ ठेवा, अशी व्याख्यानमालेच्या विश्वस्तांची सूचना होती आणि ती मी मानली. सभागृहात मात्र आडपडदा नको. मी आज बोलणार आहे ते लिंगाच्या ताठरतेबद्दल. ती ज्या ऊतींमुळे येते त्यांचे शिसे, कॅडमियम आणि पारा हे जड धातू काय करतात, आणि जस्त, सेलेनियम यांसारखी खनिजे त्या ऊतींना कितपत वाचवतात, हा माझा विषय आहे.

समोर बऱ्याच भगिनी बसल्या आहेत. त्यांनी उठून जाऊ नये. हा त्रास एकट्या पुरुषाचा कधीच नसतो. शिवाय याच जातीच्या ऊती स्त्रीच्या शरीरात, शिश्निकेतही असतात. आणि कारखान्यातून नवऱ्याच्या कपड्यांवर बसून घरी येणारे शिसे बहुतेक घरांत बायकोच धुते.

मराठीत हा विषय जाहीरपणे मांडण्याला जुनी परंपरा आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते मासिक एकहाती चालवले. त्यासाठी त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तो खटला ते हरले, मासिक मात्र थांबले नाही. पुढे केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक आरोग्याचा स्वतंत्र विभाग चालवला. डॉ. विठ्ठल प्रभू यांनी सामान्य वाचकाला समजेल अशा मराठीत पुस्तके लिहिली. एवढे होऊनही मध्य रेल्वेच्या रुळांकडेच्या भिंती अजून 'गुप्तरोग' या एका शब्दाने रंगलेल्या असतात. त्या भिंतींचा आजच्या विषयाशी फार जवळचा संबंध आहे. तिकडे मी नंतर येतो.

ठाणे-डोंबिवलीचा हाच पट्टा का?

डोंबिवलीची एमआयडीसी साठच्या दशकातली. रंग, रंगांना लागणारी रसायने, औषधांचा कच्चा माल, कापडावरची प्रक्रिया असे उद्योग तिथे आले आणि वस्ती वाढत वाढत त्यांच्या कुंपणाला जाऊन भिडली. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशभरातल्या औद्योगिक क्षेत्रांचा सर्वंकष प्रदूषण निर्देशांक काढला. सत्तरच्या वर गेलेले क्षेत्र 'अतिप्रदूषित' धरले गेले. डोंबिवलीचा आकडा होता ७८.४१.

२०१४ च्या जानेवारीत डोंबिवलीकरांनी हिरवा पाऊस पाहिला, २०२० च्या फेब्रुवारीत गुलाबी रस्ता पाहिला. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशी कारखान्यांतल्या स्फोटांनी माणसे मारली आणि दूरवरच्या इमारतींच्या काचा फोडल्या. रंगाची आणि आवाजाची बातमी होते. ज्या धातूंबद्दल मी बोलतो आहे ते इतक्या थोड्या मात्रेत असतात की त्यांना ना रंग दिसतो, ना वास येतो. ते गाळात उतरतात आणि तिथेच राहतात. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे आणि देसाई यांनी ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्यावरचा शोधनिबंध १९८१ साली प्रसिद्ध केला. २००३ साली उल्हास नदीच्या मुखाकडच्या गाळातल्या पाऱ्यावरचा अभ्यास आला. कॉस्टिक सोडा तयार करण्याच्या जुन्या पद्धतीत पाऱ्याचे विद्युतघट वापरत, आणि त्यातला थोडा थोडा पारा सांडपाण्याबरोबर बाहेर जाई. ती पद्धत आपल्या देशातून आता जवळजवळ गेली. गाळातला पारा काही तिच्याबरोबर गेला नाही. त्याच खाडीला २०२२ मध्ये रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला, तिथे फ्लेमिंगो येतात, आणि तिथे आजही आगरी-कोळी मासेमारी करतात.

आता इथे कुणी घाबरून जाऊ नये. गाळात पारा आहे म्हणून तो आपल्या रक्तात आहे, असे होत नाही. कल्याण-डोंबिवलीसाठी मोहिलीला आणि ठाण्यासाठी शहाड-टेमघरला उल्हासचे पाणी उचलतात, ते शुद्ध करून आपल्याकडे येते. हे धातू शरीरात शिरतात ते मुख्यतः चार वाटांनी: काम, तंबाखू, ताट आणि पुडी.

कामाची वाट आधी बघू. इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणारा कारागीर डोळ्यांसमोर आणा. गाळ्याच्या मागच्या बाजूला लोखंडी कढई असते. शिसे ३२७ अंशांना वितळते, म्हणजे साधी भट्टी पुरते. वर राखाडी मळी जमते, ती तो पळीने काढून बाजूला टाकतो. सुकली की तिची भुकटी होते, आणि उकडते म्हणून पंखा चालूच असतो. दुपारी तो डबा उघडतो. हात पाण्याखाली धरलेले असतात, साबण लावलेला नसतो. जेवण झाले की तळहातावर तंबाखू आणि चुना घेऊन अंगठ्याने मळतो. धातुरूपातले शिसे कातडीतून फारसे आत जात नाही; ते श्वासातून जाते आणि हातावरून तोंडात जाते. या माणसाने सकाळपासून दोन्ही वाटा उघड्या ठेवल्या आहेत. संध्याकाळी तोच शर्ट घालून तो घरी जातो आणि पोराला उचलून घेतो.

तंबाखूची वाट वेगळी आहे. हे झाड जमिनीतले कॅडमियम ओढून पानात साठवते. एका सिगारेटमध्ये साधारण एक ते दोन मायक्रोग्रॅम कॅडमियम असते. त्यातला थोडाच भाग धुराबरोबर आत जातो, पण आत गेलेले मूत्रपिंडात दहा ते तीस वर्षे मुक्काम करते. धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरात कॅडमियमचा साठा न करणाऱ्याच्या सुमारे दुप्पट असतो. बिडीही तंबाखूचीच असते.

ताटातून धातू येतात ते सांडपाण्यावर वाढवलेल्या पालेभाजीतून, रंग चढवण्यासाठी लेड क्रोमेट घातलेल्या सुट्या हळदीतून, आणि पारा येतो तो मुख्यतः मोठ्या शिकारी माशांतून. मुशीत तो जास्त असतो, मांदेली-जवळ्यात कमी. पुडीचे शेवटी सांगतो.

दोन मिलिमीटरची धमनी

लिंगात दोन लांबट कोष असतात. आतून ते स्पंजासारखे पोकळ्यांनी भरलेले असतात आणि त्या पोकळ्यांच्या भिंती अनैच्छिक स्नायूंच्या असतात. एरवी हे स्नायू आकसलेले राहतात. मेंदूकडून आणि मज्जातंतूंकडून इशारा आला की तिथे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो, स्नायू सैल पडतात, पोकळ्यांत रक्त भरते, आणि त्या दाबाने परतीच्या शिरा चिमटल्या जाऊन रक्त आतच राहते. म्हणजे ताठरता येते ती स्नायू ताणून नव्हे, सैल सोडून. या वायूचे रक्तवाहिन्यांतले काम उलगडल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल मिळाले. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत सिल्डेनाफिलला, म्हणजे व्हायग्राला परवानगी मिळाली. हे औषध नायट्रिक ऑक्साइड तयार करत नाही. त्याचा परिणाम लवकर विरू देत नाही, एवढेच. मुळात तो वायूच बनत नसेल तर गोळी तरी काय टिकवणार?

हा वायू बनवणारे एन्झाइम रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात असते. त्याचे दोन अर्धे भाग असतात आणि ते जिथे जुळतात तिथे मध्ये जस्ताचा एक अणू असतो. तो निसटला की जोडी सैल होते, आणि सैल झालेले एन्झाइम नायट्रिक ऑक्साइडऐवजी सुपरऑक्साइड हा जळजळीत रेणू सोडू लागते. सुपरऑक्साइड उरलेल्या नायट्रिक ऑक्साइडवर तुटून पडतो आणि त्यातून आणखी घातक पदार्थ होतो. याला आवर घालणारी एन्झाइमेही शरीरात आहेत. एक तांबे आणि जस्त यांच्यावर चालते, दुसरे मँगनीजवर. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज नावाचे तिसरे सेलेनियमवर चालते. त्यात सेलेनियम असल्याचे १९७३ मध्ये कळले. सूक्ष्म खनिजांचे रक्षण म्हणतात ते हे. खनिजे स्वतः लढत नाहीत, लढणाऱ्या यंत्रणेचे सुटे भाग म्हणून काम करतात.

लिंगाच्या धमनीचा व्यास साधारण एक ते दोन मिलिमीटर, हृदयाच्या धमनीचा तीन ते चार. अस्तर खराब होऊ लागले की अरुंद धमनी आधी तक्रार करते. म्हणून अनेक पुरुषांत ताठरतेचा त्रास हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षे आधी सुरू झालेला आढळतो. पंचेचाळीसच्या माणसाने ही तक्रार लपवली, तर हृदयाने आगाऊ दिलेली सूचना त्याने लपवली असे मी म्हणतो.

१९५७

जस्ताचा आणि पुरुषत्वाचा संबंध नीट मांडला तो एका भारतीयाने. डॉ. आनंद प्रसाद मूळचे बिहारमधल्या बक्सरचे. १९५८ मध्ये ते इराणमधल्या शिराझला गेले. तिथे त्यांच्यापुढे एकवीस वर्षांचा एक तरुण आला, तो दिसायला दहा वर्षांच्या मुलासारखा होता. वाढ खुंटलेली, जननेंद्रिये अविकसित, रक्त कमी. आहार म्हणजे मुख्यतः कोंड्यासकट पिठाची रोटी आणि माती. धान्याच्या कोंड्यातले फायटेट जस्ताला बांधून ठेवते आणि आतड्यात शोषू देत नाही. माणसाला जस्ताची कमतरता होऊ शकते हे तोवर कुणी धरतच नव्हते. पुढे इजिप्तमधल्या अशाच तरुणांवर काम करून प्रसाद यांनी ते सिद्ध केले, आणि जस्त दिल्यावर अशी मुले वाढली, वयात आली.

त्याच काळात दोन महत्त्वाचे शोध लागले, दोन्ही १९५७ मध्ये. झेक शास्त्रज्ञ यिरी पार्झिझेक यांनी दाखवले की कॅडमियमच्या छोट्या मात्रेने उंदरांच्या वृषणांची नासाडी होते, आणि जस्त दिले तर ती टळते. दुसरा शोध मार्गोशेस आणि व्हॅली यांचा. घोड्याच्या मूत्रपिंडात त्यांना एक प्रथिन सापडले, ते कॅडमियमला घट्ट धरून ठेवते. पुढे कळले की शरीरात जस्त पुरेसे असले की पेशी हे प्रथिन जास्त बनवतात. म्हणजे जस्त दोन प्रकारे राखण करते: स्वतःची जागा स्वतः अडवून, आणि कॅडमियमला डांबून ठेवणारे प्रथिन तयार करवून. १९६७ मध्ये पार्झिझेक यांच्याच गटाने सेलेनियम पाऱ्याच्या विषबाधेपासून वाचवते असे दाखवले. सेलेनियम पाऱ्याला पकडते आणि निष्क्रिय करते. पण त्या झटापटीत ते स्वतःही खर्ची पडते.

मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत जस्त, कॅडमियम आणि पारा एकाच स्तंभात, एकाखाली एक आहेत. म्हणूनच शरीराची फसगत होते. कल्याणहून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला मिळावे म्हणून डोंबिवलीचा माणूस उलटा कल्याणला जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. जस्ताचेही तसेच आहे. ते आधी येऊन जागेवर बसलेले असेल तर कॅडमियम उभे राहते. जस्त नसेल तर कॅडमियम बसते, आणि एकदा बसले की मागाहून चढलेल्या जस्ताला जागा देत नाही. माझ्या व्याख्यानाचा सारा मुद्दा यात आहे: रक्षण करणारे खनिज धातूच्या आधी शरीरात असावे लागते.

शिशाची चाल निराळी आहे. ते कॅल्शियमचे सोंग घेते, म्हणून हाडांत जाऊन बसते आणि तिथे दशकानुदशके राहते. रक्त तयार होण्याच्या साखळीतल्या जस्तावर चालणाऱ्या एका एन्झाइमला ते बंद पाडते. रक्तदाब वाढवते, नायट्रिक ऑक्साइड घटवते, शुक्राणूंना बाधा करते. आतड्यात लोह शिरण्याचे जे दार आहे, त्याच दाराने शिसे आणि कॅडमियमही शिरतात, आणि शरीरात लोह कमी असेल तेव्हा हे दार जास्त उघडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या ५७ टक्के स्त्रियांत आणि २५ टक्के पुरुषांत रक्तक्षय आढळला. तेव्हा धातूपासून बचावाची पहिली गोळी कदाचित जस्ताची नसून सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी लोहाची आहे, आणि ती स्त्रियांना आधी हवी आहे.

पुरावा कुठवर पोहोचतो

आता इथे हात आखडता घ्यावा लागतो. शिसे, कॅडमियम, पारा, आर्सेनिक हे धातू देऊन उंदरांवर प्रयोग झाले आहेत. त्यांत साधारण चित्र असे: लिंगाच्या ऊतींत जळजळीत रेणू वाढतात, नायट्रिक ऑक्साइड आणि टेस्टोस्टेरॉन घटते, जस्त किंवा सेलेनियम बरोबर दिलेल्या गटात नुकसान कमी दिसते. कमी दिसते, नाहीसे होत नाही. आणि या प्रयोगांत धातू व खनिज एकाच वेळी, ठरलेल्या मात्रेत, निरोगी तरुण उंदराला देतात. आपला माणूस पन्नाशीचा असतो, त्याला मधुमेह असतो, तो वीस वर्षे तंबाखू खात आलेला असतो.

माणसांवरचा पुरावा तुटपुंजा आहे. इजिप्तमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये शिशाशी दीर्घ संपर्क आणि ताठरतेचा त्रास यांचा संबंध दाखवला. अभ्यास छोटा होता. जस्ताच्या गोळ्या घेऊन धातूने बिघडलेली ताठरता परत आली, असे सिद्ध करणारी मोठी चाचणी झालेली नाही. जे मोठे प्रयोग झाले ते आपल्याला सावधच करतात. सेलेनियमने प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का, हे पाहण्यासाठी अमेरिकेत ३५ हजारांवर पुरुष घेतले. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. हृदयरुग्णांच्या रक्तातले शिसे सलाइनमधून ईडीटीए हे धातू बांधणारे औषध देऊन काढले तर झटके कमी होतात का, याचा मोठा निकाल २०२४ मध्ये आला. शिसे ६१ टक्क्यांनी उतरले, झटके कमी झाले नाहीत. 'डिटॉक्स'च्या नावाने हेच सलाइन विकणाऱ्यांनी हा निकाल दारावर लावायला हवा. ईडीटीए शिशाबरोबर शरीरातले जस्तही बाहेर काढते, हेही खाली लिहावे.

पुडी

आता भिंतींकडे येतो. ताठरतेचा त्रास होणारे थोडे नाहीत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस चाळीस ते सत्तर वयाच्या पुरुषांची पाहणी झाली, त्यात ५२ टक्क्यांना कमी-अधिक त्रास आढळला. आपल्याकडचा पुरुष हे बायकोला सांगत नाही, फॅमिली डॉक्टरला सांगत नाही. तो भिंतीवरचा नंबर टिपून घेतो. महामार्गाकडेच्या जडीबुटीच्या तंबूत जातो. तिथे त्याला वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली पुडी मिळते. वर नाव नाही, तारीख नाही, परवाना क्रमांक नाही. 'दुधातून घ्या, आंबट खाऊ नका, एकवीस दिवसांत फरक.'

त्या पुडीत काय असते? पुष्कळदा फक्त चूर्ण. कधी बारीक केलेली सिल्डेनाफिलची गोळी. म्हणून 'फरक' पडतो. हृदयासाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्या माणसाने ती घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून जीवही जाऊ शकतो. आणि कधी भस्म: शिशाचे, पाऱ्याचे. बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या दक्षिण आशियाई वनौषधी उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. ७० पैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक निघाले. २००८ मध्ये इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ उत्पादनांपैकी सुमारे २१ टक्क्यांत धातू मिळाले. धातू-खनिजांपासून बनवलेल्या रसौषधींत हे प्रमाण ४१ टक्क्यांच्या आसपास होते.

इथे कुणी वैद्य बसले असतील तर त्यांना माझ्या बोलण्यात आयुर्वेदाची निंदा वाटू नये. रसशास्त्रात शोधन-मारणाचे काटेकोर विधी आहेत, भस्माच्या कसोट्या आहेत. आपल्या औषध कायद्याच्या अनुसूचीतही आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची यादी आहे, आणि त्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. तंबूतली पुडी यांपैकी कशालाच जुमानत नाही. आणि एक गोष्ट तंबूतल्या माणसालाही बदलता येत नाही आणि शास्त्रीय पद्धतीने भस्म करणाऱ्यालाही: शिसे हे मूलद्रव्य आहे. शंभर पुटे दिली, म्हणजे शंभर वेळा भट्टीत भाजले, तरी त्याचे शिसेपण जात नाही.

कामशक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे आणि जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. म्हणजे रुळांकडेच्या भिंतीवरची ती जाहिरात सत्तर वर्षांपूर्वीच बेकायदा ठरली आहे, आणि ती रोज लाखो प्रवासी वाचतात. शिशाने बिघडलेल्या शरीरावर आपण वरून पैसे मोजून आणखी शिसे घालतो आहोत. असे होते ते लाजेपोटी, अज्ञानापोटी नव्हे. त्या माणसाला डॉक्टर कुठे बसतो ते ठाऊक असते. त्याला तिथे तोंड उघडायचे नसते.

मग खायचे काय

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ पुरुषासाठी रोज १७ मिलिग्रॅम आणि स्त्रीसाठी १३.२ मिलिग्रॅम जस्ताची शिफारस केली. परदेशी कोष्टकांपेक्षा हे आकडे जास्त आहेत, कारण आपले जेवण धान्य-कडधान्याचे आणि त्यात फायटेट भरपूर. त्यावरचा उतारा आपल्या आज्यांच्या हातात होता: कडधान्य भिजवून मोड आणणे, पीठ आंबवणे. मोड आलेल्या मटकीची उसळ आणि आंबवलेल्या पिठाची आंबोळी यांतले जस्त शरीराला जास्त लागते. तीळ, भोपळ्याच्या बिया, शेंगदाणे, हरभरे, बाजरी यांत जस्त आहे. मटण, अंडी, मासे खाणाऱ्यांना ते सहज मिळते, सेलेनियमही मिळते.

नेहमीच्या खाण्यात जस्ताचा सर्वांत मोठा साठा कालवांत असतो. ओहोटी लागली की खाडीकाठच्या बाया चिखलातून खडकांपर्यंत जातात, लोखंडी टोकाने कालव फोडतात, आतले बोटभर मांस काढून डब्यात टाकतात. ओहोटीभर काम झाले की पाठ भरून येते आणि हात कापलेले असतात. कालवांचे सुके आपल्याकडे पौष्टिक म्हणून खातात आणि त्या समजुतीला विज्ञानाचा आधार आहे. पण कालव दिवसभर पाणी गाळून पोट भरते, आणि पाण्यातले जस्त ज्या रीतीने साठवते त्याच रीतीने कॅडमियमही साठवते. स्वच्छ खाडीतले कालव रक्षण करते, घाण खाडीतले तेच कालव घात करते. रक्षण करणारे खनिज आणि मारणारा धातू एकाच शिंपल्यात बसलेले असतील, तर बाजारात जाऊन त्यांतले एकच निवडता येत नाही. ते खाडीतच निवडावे लागते.

गोळ्यांबद्दल दोन शब्द. जिमच्या बाजूच्या दुकानात पन्नास मिलिग्रॅम जस्ताच्या गोळ्या मिळतात. दीर्घकाळ दिवसाला ४० च्या वर जस्त गेले तर तांबे कमी पडते, रक्तक्षय होतो, पायांना मुंग्या येऊ लागतात. सेलेनियम ४०० मायक्रोग्रॅमच्या वर गेले तर केस गळतात, नखे तुटतात. कमतरता असेल तर डॉक्टरला दाखवून काही आठवडे घ्या. 'असू दे, अंगाला लागेल' म्हणून घेऊ नका.

शेवटचे

ज्यांना हा त्रास आहे त्यांनी आधी रक्तदाब, साखर, चरबी आणि सकाळचे टेस्टोस्टेरॉन तपासून घ्यावे. डॉक्टरला आपले काम खरे सांगावे. 'कंपनीत आहे' एवढे पुरत नाही. बॅटरी, रंग, सोल्डरिंग, सोन्याचांदीचे काम, भंगार, जे असेल ते नाव सांगावे. असे काम असेल तर शिरेतल्या रक्तातले शिसे मोजावे. केसांच्या तपासणीला किंवा धातू बाहेर काढणारे औषध देऊन केलेल्या लघवीच्या तपासणीला भुलू नये. तंबाखू सोडावी, कारण कॅडमियमची ती एकच वाट पूर्णपणे आपल्या हातात आहे. कामावर साबणाने हात धुवावेत, कामाचे कपडे तिथेच बदलावेत.

बाकीचे काम एकट्याने होण्यासारखे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात शिशाची आणि पाऱ्याची विषबाधा सरकारला कळवण्याजोग्या रोगांत धरली होती. पण ज्या गाळ्यात दोन माणसे बॅटऱ्या फोडतात तो गाळा या कायद्याच्या व्याख्येत बसत नव्हता. असे गाळे कायद्याच्या कक्षेत आणण्याची मागणी आपण करायला हवी. खाडीच्या आणि उल्हासच्या गाळातले, मासळीतले आणि रुळांकडेला सांडपाण्यावर वाढणाऱ्या भाजीतले शिसे, पारा, कॅडमियम दरवर्षी मोजावे आणि आकडे मराठीत जाहीर करावेत, ही मागणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांकडे करावी. हवेचा निर्देशांक आपण रोज मोबाइलवर पाहतो. गाळाचा वर्षातून एकदा तरी पाहायला मिळावा.

जस्त आणि सेलेनियम रक्षण करतात, ते पोषण म्हणून, रोजच्या ताटातून, धातू यायच्या आधी. धातू येऊन बसल्यावर ते बाजारातून आणलेले औषध होत नाहीत. तेव्हा धातू येण्याची वाट बंद करा, आणि पुढचा नंबर भिंतीवरून टिपून घेण्याआधी आपल्या फॅमिली डॉक्टरचा लावा.